धाकटीची किडनी

"पण का?" थोरलीने तिसऱ्यांदा विचारलं.

धाकटी हॉस्पिटलमध्ये थोरलीच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून संमतीपत्र वाचत होती. "रक्तगट जुळतो म्हणून," ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

थोरलीला ते पटलं नाही. बारा वर्षं जिने तोंड दाखवलं नाही, ती एक दिवस बॅग घेऊन उगवते आणि माझी किडनी घे म्हणते? पाणी कुठेतरी मुरत होतं.

दोघी बहिणी पूर्वी आईचं शिवणकामाचं दुकान सांभाळायच्या. एका दुपारी चालू राहिलेल्या इस्त्रीने कापडाच्या गठ्ठ्याला आग लागली. मागच्या खोलीत आडवी झालेली आई भाजली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. दोष धाकटीवर आला. तिने तो नाकारलाही नाही. "नाकारायला तोंड हवं ना!" असं थोरली तेव्हा भेटायला येणाऱ्यांना सांगायची. वडिलांनी धाकटीला घराबाहेर काढलं. थोरलीचं ठरलेलं लग्न दोन महिन्यांनी साधेपणाने उरकलं.

आता धाकटी चहा आणायला गेली की थोरली तिची बॅग चाचपायची. दोन जोडी कपडे, कंगवा, प्रार्थनेचं पुस्तक. ना वकिलाचा कागद, ना कुणाची चिठ्ठी. एकदा नवऱ्याने तिला तसं करताना पकडलं.

"धर्माची गाय आणि दात का नाय! काय शोधतेयस?"

"तुम्हाला नाही कळायचं. माझी बहीण आहे ती."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चर्चमधले फादर भेटायला आले. थोरलीने त्यांना जवळ बोलावलं.

"फादर, माझ्या बहिणीने तुमच्याकडे पापनिवेदन केलं का हो? काय म्हणाली?"

"हे मला विचारायचं नसतं, बाई."

"नाही, तिला वाटतंय, किडनी दिली की आईचं मरण फिटलं. असं फिटतं का?"

"ती असं म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय की."

फादर स्टूल ओढून बसले. "आपलं पाप आपल्याला फेडता येण्यासारखं नव्हतंच. म्हणून तर प्रभूने क्रुसावर फेडलं. स्वतः निष्पाप असून. आपण नुसती कबुली द्यायची, तर तेवढंही जड जातं आपल्याला." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला करायचंय का पापनिवेदन? उद्या ऑपरेशन आहे."

"माझं काय असणार, फादर? सगळी वर्षं दुखण्यातच गेली," म्हणत थोरलीने कूस बदलली.

सकाळी दोघींची स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर शेजारी-शेजारी लावली होती. डोक्याला हिरव्या टोप्या.

"आता तरी खरं सांग," ती म्हणाली. "तुला काय हवंय?"

"काही नको, ताई."

"मग मीच बोलते. आईचं मरण तुझ्या मनाला खातंय. जा, मी तुला माफ केलं."

धाकटीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तिचा हात धरला.

"ताई, त्या दुपारी मी दुकानात आलेच नव्हते. इस्त्री तू चालू ठेवून गेलीस. आईने दवाखान्यात मला सगळं सांगितलं होतं. 'तिचं लग्न मोडेल, तू गप्प राहा,' म्हणाली. राहिले. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. तू जगावंस, एवढंच."

थिएटरचं दार उघडलं. आतून नर्स आली आणि तिने धाकटीच्या स्ट्रेचरला हात घातला. थोरलीने धरलेला हात सोडला नाही. तिने मान उचलली, नवरा कुठे उभा आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"