गटाचा फोन

"नेता जन्माला येत नसतो, तो घडवावा लागतो!" ज्योतीरामकाकांनी गर्जना केली आणि त्यांच्या खालच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला. स्वयंसेवकांनी त्यांना अलगद उचललं. उचलायची सवय होतीच.

पिंपळे गुरवातल्या त्यांच्या गटाचं काम एकच. चाकणकडच्या कारखान्यात कुणी दगावलं, की त्याच्या घरी जाऊन सांगायचं. फोनवर सांगायचं नाही. जोडीदारानं फाटकाशी थांबून शेजारपाजाऱ्यांना थोपवायचं. दारात चपला काढायच्या, आत जायचं आणि आधी पाणी मागायचं. पाण्याच्या निमित्तानं घरात कोण कोण आहे ते कळतं, आणि तांब्या दिला की माणूस समोर टेकतो. मग बोलायचं. बसलेला माणूस पडला तरी फार खाली पडत नाही.

त्यामुळे काकांना तहान लागलेली वस्तीत कुणालाच आवडत नसे. चाकणलाच कामाला असलेला त्यांचा लेक प्रज्वल तर म्हणायचा, "बाबा, माझ्या लग्नात तेवढं कुणाकडं पाणी मागू नका."

आता काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. गट त्यातल्याच योगिनीच्या हाती द्यायचा, नाहीतर बंद करायचा. आणि योगिनी सरावात तीनदा नापास. एकदा दारातच रडली, एकदा भडाभडा बोलून मोकळी झाली, तिसऱ्यांदा पाणी मागायलाच विसरली.

"सरावात ही गत, तर खऱ्याला काय करशील गं?"

"खऱ्याला तुम्ही असता की, काका."

"तितंच चुकायलंय." काकांनी खिशातून गटाचा फोन काढून तिच्या हातात ठेवला. "आजपासून प्रमुख तू."

दुपारी तीनला ते घरी लवंडले होते, तेवढ्यात तिचा फोन आला.

"काका, चाकणहून कळवलंय. तुम्ही... तुम्ही याल?"

"न्हाई."

"काका, पण..."

"प्रमुख 'पण' म्हणत नसतो. नाव-पत्ता मला सांगू नको. जोडीला सुजितला घे आन् जा."

मग ती "बरं" म्हणाली.

काका उठून बाहेरच्या खोलीत बसले. स्वयंपाकघरातून कुसुमताईंनी विचारलं, "चहा टाकू का? प्रज्वल येईलच आता."

"थांब जरा. पोरीची परीक्षा चालू हाय."

चारला फाटक वाजलं. दारात योगिनी. काकांच्या कपाळाला आठी पडली. इतक्या लवकर? पळून आली असणार.

"सांगितलंस का?"

"काकू घरात आहेत ना?"

"हाय की आत. आधी माझं सांग. रडलीस?"

"नाही."

"भडाभडा बोललीस?"

"नाही, काका."

"सुजित?"

"फाटकाशी आहे."

काकांनी मान उंचावून पाहिलं. सुजित शेजारच्या अंबूबाईंना हात जोडून मागं सारत होता. काकांचा चेहरा उजळला. तीन महिन्यांची मेहनत फळाला आली म्हणायची.

"शाब्बास! समदं नियमानं करायलीस. आता पुढचं सांग."

योगिनीनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. वाकून जोड सरळ लावला. आत आली.

"काका," ती म्हणाली, "जरा पाणी देता का?"