खुणेचा दगड

सोजराबाईंनी मास्तरांच्या कपाटातल्या दीडशे दगडांतून आपला दगड एका नजरेत ओळखला. लाखो वर्षांपूर्वीचा शंख पोटात जपलेला तो दगड मास्तरांनी बाईंच्याच शेतातून हौसेने उचलला होता. खालच्या चिठ्ठीवर गाव आणि यंदाचेच साल लिहिले होते: ‘उंद्री, १९६२’. “चार महिन्यांची माही पोरगी त्याच्याखाली पुरेल हाये,” बाई म्हणाल्या. “नांगर दरसाल त्याले वळसा घालून जाये.” मास्तरांनी दगड दोन्ही हातांनी पुढे केला. “याले घेऊन काय करू, गुरुजी? जागा दाखवा.” दोघे शेतावर आले. यंदा नांगर सरळ गेला होता. मास्तर काळ्या ढेकळांतून बाभळीपर्यंत गेले, परत वळले आणि मधोमध थांबले. सगळी जमीन सारखीच दिसत होती. सोजराबाई वहाणा काढून बांधावरच उभ्या होत्या. “आता हालू नका, गुरुजी,” त्या हळूच म्हणाल्या. “पाय कुठी पडन, तुमाले तरी माहीत हाये का?”