तळहातावरचा थेंब

"बारच्या समोरचंच टेबल हवं," वहिनींनी दारातच सांगितलं, आणि ते मिळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. सोबत धाकटी बहीण होती. बहिणीला भूक लागली होती. वहिनींना नव्हती. त्या सूड उगवायला आल्या होत्या.

रेस्टॉरंट उघडून नऊ दिवस झाले होते. संगमरवरी बार, उंच स्टुलं, मागून उजेड सोडलेल्या बाटल्या, उलटे टांगलेले ग्लास. आजूबाजूच्या गल्ल्यांतली, जन्मात चहापलीकडे काही न मागवलेली माणसं स्टुलांवर पाय लोंबकळत सोडून, हिरवी-निळी पेयं हातात धरून बसली होती. प्यायला कमी आणि दिसायला जास्त.

आता बार होता त्या जागी पूर्वी शेगडी होती. तिच्यापुढे वहिनी सव्वीस वर्षं उभ्या होत्या. तेव्हा ही साधी खानावळ. नवरा गल्ल्यावर, धाकटा दीर बाजारहाटाला, आणि स्वयंपाकघर वहिनींचं. तिथे नियम एकच. कुठलंही भांडं बाहेर जाण्याआधी त्यातला एक थेंब वहिनींच्या डाव्या तळहातावर पडायचा. त्या तो जिभेला लावायच्या आणि मान हलवायच्या. मान हलली नाही, तर बाहेर गिऱ्हाईक भुकेने आडवं झालं तरी भांडं जागचं हलत नसे.

मग नवरा वारला. तीन महिन्यांनी दिराने खानावळीतल्या अकरा माणसांसमोर जाहीर केलं, "वहिनींच्या जिभेचं आता काही खरं नाही. त्यांना खारट-अळणी कळेनासं झालंय." त्याच दुपारी त्यांचा ॲप्रन दुसऱ्याच्या गळ्यात गेला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. पण बोभाटा व्हायचा तो झालाच. ज्या ज्या स्वयंपाकघरात त्या काम मागायला गेल्या, तिथे त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, काम मिळालं नाही.

आजचा बेत साधा होता. पहिलाच चमचा तोंडात घ्यायचा आणि सगळ्यांच्या देखत नॅपकिनमध्ये थुंकायचा. बारपर्यंत दिसलं पाहिजे.

सूप आलं. सव्वीस वर्षं वहिनी करत होत्या तेच, फक्त आता काळ्या वाडग्यात. बहिणीने चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "ताई, अगं, तस्संच गं! तुझ्या हातचंच!" वहिनी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नॅपकिन उचलला.

तेवढ्यात दीर आला. अंगात नवा कोट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हातात स्वयंपाकघरातली पळी आणि छोटं पातेलं. असल्या चकचकीत जागी ती दोन्ही फार वेडीविद्री दिसत होती.

"वहिनी, बरं झालं आलात," तो खाली वाकून म्हणाला. "उद्या पेपरवाले येताहेत. पान भरून लिहिणार आहेत. लोक छान म्हणतात हो, पण लोकांना काय कळतं? नऊ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुम्ही मान हलवल्याशिवाय इथून कधी भांडं बाहेर गेलंय का?"

"माझी जीभ गेली होती ना, भाऊजी?"

दिराने इकडेतिकडे बघितलं. "खोटं बोललो मी," तो पुटपुटला. "मला बार काढायचा होता. तुम्ही शेगडी हलवू दिली नसती. काहीतरी कारण हवं होतं, तोंडाला आलं ते बोलून गेलो."

"मोठ्याने सांगा."

त्याने सांगितलं. बारवरचे ग्लास तोंडापाशी थांबले. स्वयंपाकघराच्या दारात जुना आचारी खाली मान घालून ऐकत होता. दुसरी कोणी असती तर एवढ्यावर तिचं समाधान झालं असतं. वहिनींची आग उलट भडकली. सव्वीस वर्षांची अब्रू या माणसाने केवळ सोयीसाठी घालवली होती! त्यांनी नॅपकिन बाजूला ठेवला आणि डावा तळहात पुढे केला.

थेंब पडला. वहिनींनी तो जिभेला लावला. डोळे मिटले. खूप वेळ मिटलेले ठेवले.

मान हलली नाही.

"काय कमी आहे? मीठ? आंबट? सांगा ना!"

"तुम्हाला कळत नाही?"

"नाही हो, वहिनी!"

"मग शोधा."

दीर वळून ओरडला, "सगळं ओतून टाका! नव्याने लावा!" आचारी म्हणाला, "अहो साहेब, रोजच्यासारखंच आहे..." "वहिनींची मान हलली नाही, दिसलं ना? मसाले बदला, काहीही करा!" स्टुलांवरची माणसं आपापले वाडगे हुंगू लागली. इतका वेळ मिटक्या मारणारा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "मला वाटलंच होतं." पाहता पाहता टेबलाटेबलावर चमचे खाली ठेवले गेले.

दोघी रस्त्यावर आल्या. काचेतून आतली धावपळ दिसत होती. दीर कोट काढून स्वतः आचाऱ्याच्या अंगावर धावून गेला होता. वहिनींनी पोटभर बघून घेतलं.

बहीण मात्र हिरमुसली होती. अर्धं सूप टाकून उठावं लागलं होतं. "मला तर इतकं आवडलं होतं, ताई. खरं सांग, काय कमी होतं गं त्यात?"

"काहीच नसेल," वहिनी रुमालाने तळहात पुसत म्हणाल्या. "मला काय ठाऊक? हे गेले त्या दिवसापासून मला कशाचीच चव लागत नाही."