मागच्या रांगेतलं हसणं

"उडणाऱ्या माणसाचा पिक्चर? आत्याबाई, हे लेकराइचं असते," नलू म्हणाली. पण सासूनं तिकिटं काढलीही होती.

दुपारी बाराचा खेळ होता. इंदूबाईंचे डोळे दाखवायला दोघी सासू-सुना सकाळच्या गाडीनं बाभुळगावहून यवतमाळला आल्या होत्या. डॉक्टर चारनंतर बसतो असं कळलं, तशा इंदूबाई सुनेला घेऊन थेट टॉकीजवर आल्या. नलूला नवल वाटलं. सासूनं जन्मात टॉकीजची पायरी चढली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, लागोपाठ दुसऱ्या साली कपाशी वाळली तेव्हा, नलूचा नवरा पिंटू घरून निघाला तो परत आलाच नाही. पाचव्या दिवशी धरणाच्या काठावर त्याचा सदरा आणि चपला सापडल्या. देह सापडला नाही. त्या सालांत गावोगाव माणसं अशी जात होती. कोणी फार विचारलं नाही.

आता नेरचं एक स्थळ आलं होतं. माणूस बरा होता, आणि तो इंदूबाईंनीच शोधला होता. नलूच अडून बसली होती.

"ते गेलेच नाहीत असं वाटते मले," ती म्हणे. "परवा वावरात निंदून राह्यलती, तं धुऱ्यापल्याड त्याइचं हसणं ऐकू आलं."

पिंटूचं हसणं गावाला पाठ होतं. आधी उचकी लागल्यासारखा अडके, मग घोड्यासारखा खिंकाळे.

"भास हाय माय," इंदूबाई एवढंच म्हणत.

पिक्चर सुरू झाला. हिरो ट्रक उचलत होता, छातीवर गोळ्या झेलत होता, पण उंच गेला की त्याला चक्कर येई. म्हणून तो डोळे मिटून उडे. पहिल्याच उड्डाणात पाण्याच्या टाकीवर आदळला. दुसऱ्यांदा एका लग्नाच्या मांडवात शिरला. शेवटी त्याला मारायला आलेला गुंडच वैतागून खालून ओरडायला लागला, "बाएँ ले! अबे, बाएँ!"

नलूनं तोंडाशी पदर धरला. मग पदर सुटला. ती पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि मागून हसणं आलं. आधी उचकी. मग खिंकाळणं.

नलूचं हसणं तिथंच थांबलं. "आत्याबाई, ऐकलं?"

"पिक्चर पाह्य," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

मध्यंतरात दिवे लागले. नलूनं लगेच वळून पाहिलं. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढचा अर्धा तास ती ताठ बसली. पण हिरोनं डोळे उघडायचं ठरवलं, खाली पाहिलं आणि त्या गुंडाच्याच गळ्यात पडून रडायला लागला, तेव्हा तिला पुन्हा हसू फुटलं. पुन्हा मागून तेच हसणं आलं. या वेळी तिनं वळून पाहिलं नाही. दोन्ही हसणी थोडा वेळ बरोबर चालली. मग मागचं एकाएकी तुटलं.

खेळ सुटला. बाहेर ऊन रखरखत होतं. नलू पायरीवर थांबली, पदरानं डोळे पुसले.

"आत्याबाई, भेव नाही वाटलं आज," ती म्हणाली. "असं वाटलं, ते निरोप घ्याले आलते. हास म्हणे, आता हास." ती जरा घुटमळली. "नेरले होकार कळवा."

इंदूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू सावलीत उभी राह्य. मी बाथरूमात जाऊन येतो."

त्या आत वळल्या. हॉल रिकामा झाला होता. शेवटच्या रांगेत एक माणूस मान खाली घालून बसला होता. इंदूबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाह्याचं होतं ना तुले तिले? पाह्यलं. तीन वर्षांत आज हसली थे," त्या हळूच म्हणाल्या. "आता आमच्या वावराकडं फिरकू नको, पिंटू. मेला हायस, तं मेलेलाच राह्य."