खालिदचा अर्ज

नाव: वस्फी.
मृत्यूचे ठिकाण: राहते घर, लोखंडी खाट.
मृत्यूचे कारण: ताप.
जखमा: नाहीत.
निर्णय: अपात्र.

मोहल्ला समितीचे चिटणीस उस्ताद मुनीब यांनी शिक्का मारला आणि अर्ज उम्म वस्फीकडे, म्हणजे वस्फीच्या आईकडे, सरकवला.

"स्मारकाच्या दगडावर लढाईत पडलेल्यांचीच नावं जातात, उम्म वस्फी. अंथरुणात गेलेल्यांची नाही. नियम मोहल्ला समितीचा आहे, माझा नाही."

"वीस दिवस खंदकातलं पाणी प्यायला माझा मुलगा. मग तुमच्याच लष्करानं दारात आणून टाकला."

"मान्य. पण जखम कुठंय?"

"आतड्यात. अर्जात आतड्याला रकाना नाही."

बाहेर अंगणात जिर्जी पाथरवट काळ्या दगडावर छिन्नी चालवत होता. सतरा नावं कोरून झाली होती. सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत: खालिद बिन वलीदच्या मोहल्ल्याचे वीर.

"नववं नाव तुमच्या भाच्याचं," ती म्हणाली. "सफरचंदांचा ट्रक उलटून मेला, तोही आघाडीपासून दिवसभराच्या वाटेवर."

"अंगावर गणवेश होता."

"वस्फीचा मी धुवायला काढला होता. चुकलंच माझं."

उस्तादांनी चहाचा घोट घेतला. "बुधवार बघूनच आलात वाटतं. बुधवारी आपल्या हिम्स शहरातल्या माणसाचं डोकं फिरतं, असं सगळा देश म्हणतो."

"म्हणू दे. अजून एक कोरा अर्ज काढा. मला लिहिता येत नाही, तुम्हीच भरा."

"आता कोणाचा?"

नाव: खालिद बिन वलीद.

उस्ताद हसले; मोहल्ल्याला ज्याचं नाव होतं, तो माणूस जाऊन चौदाशे वर्षं होत आली होती. पण गंमत वाटून लिहीत राहिले.

"पद?"

"सेनापती. मग खलिफांनी काढून टाकलं. तेही लिहा."

"जखमा?"

"वीतभर जागा सुटली नव्हती."

"बघा," उस्ताद खुशीत म्हणाले. "म्हणजे त्यांची गोष्टच वेगळी."

"पण त्यातल्या एकाही जखमेनं ते गेले नाहीत. पुढचा रकाना वाचा."

मृत्यूचे ठिकाण:

लेखणी थांबली. हिम्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एवढ्या लढाया मारून शेवटी म्हाताऱ्या उंटासारखा अंथरुणात मरतोय, म्हणून तो माणूस स्वतःच रडला होता. त्याची कबर इथून चार गल्ल्यांवर होती.

"लिहा."

अंथरूण.

"आता शिक्का मारा. वस्फीवर मारलात तोच."

"तोंड सांभाळा, बाई. कुठे अल्लाहची तलवार म्हणतात ते खालिद आणि कुठे..."

"कुठे कोण? बोला की. त्याची आई समोरच बसलीय."

तिनं शिक्का उचलून उस्तादांच्या हाताशी ठेवला. त्यांनी हात मागे घेतला.

अंगणातला ठोका बंद झाला होता. जिर्जी खिडकीशी येऊन उभा राहिला. भुवयांवर दगडाची भुकटी होती.

"उस्ताद, ठरलं का काही? वरची खालिदच्या नावाची ओळ तासून काढू, की खाली एक नाव वाढवू? खाली जागा आहे. मी मोजलीय."

"उद्या बघू," उस्ताद म्हणाले आणि दोन्ही अर्ज खणात टाकायला निघाले.

उम्म वस्फीनं खणावर तळहात दाबून धरला.

"आजच ठरवा," ती म्हणाली. "आज बुधवार आहे. उद्या तुम्ही पुन्हा शहाणे व्हाल."