खिडकीखालची ओल

"शिडी घट्ट धर," असे म्हणून एल्डन टॉर्विक ट्रेलरच्या छतावर चढला.

खाली डॅरल दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. गाडीमागे जोडून ओढत न्यायची ही चाकांवरची घरे तो विकत असे, आणि सकाळपासून त्याचे हसू हळूहळू आकसत चालले होते.

"साहेब, नवाकोरा आहे हो. कारखान्यातून येऊन आठवडा नाही झाला."

"नवेपणा हा गुण नव्हे," एल्डन वरून म्हणाला. "ती फक्त तारीख आहे."

एल्डनची सारी नोकरी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पिण्याचे पाणी तपासण्यात गेली होती. तेवढ्या काळात त्याने एकही आकडा कुणासाठी इकडचा तिकडे केला नव्हता. एकदा चर्चच्याच विहिरीचे पाणी त्याने नापास केले, तेव्हा पुढच्या रविवारी पाद्र्यांनी त्याच्याशी हात मिळवला नाही. त्याने त्याचीही मनात नोंद घेतली, एवढेच.

म्हणूनच त्याच्या बायकोने, आर्डिसने, अट घातली होती. ट्रेलर निर्दोष निघाला, तर तो आजच घ्यायचा, संध्याकाळी तळ्याकाठचे घर विकण्याच्या करारावर सही करायची आणि बर्फ पडण्याआधी दक्षिणेची वाट धरायची, ती कायमची. एक जरी दोष निघाला, तर सगळे रद्द. तुझे ते ओल मोजायचे यंत्र सांगेल ते मला मान्य, असे ती म्हणाली होती.

एल्डनला घर सोडायचे नव्हते. तळ्यातला लाकडी धक्का त्याने स्वतः बांधला होता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर झोपडी ठेवून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणे, याहून अधिक सुखाची त्याला कल्पनाही नव्हती. पण हे तो बोलला नव्हता. मिनेसोटाच्या त्या भागात कुणी मनातले थेट बोलत नाही. कॉफी घेणार का, असे विचारले की "उगाच कशाला त्रास" म्हणायचे आणि समोरच्याने काय ते ओळखायचे. एल्डन आणि आर्डिस यांनी सारा संसार याच पद्धतीवर केला होता. पद्धतीची पडताळणी मात्र दोघांपैकी कुणीच केली नव्हती.

छताचे सांधे पक्के होते. आत आर्डिस एकेक खिडकी उघडून लावून पाहत असल्याचा आवाज येत होता. खाली उतरून एल्डनने टायर पाहिले, गॅसच्या नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले, आतली हवा गरम करायची भट्टी पेटवून विझवली. दोष सापडेना. प्रत्येक तपासणीनंतर तो थोडा अधिक सावकाश काम करू लागला.

"सासऱ्यांनीसुद्धा मला एवढं तपासलं नव्हतं," डॅरल कपाळ पुसत म्हणाला.

"म्हणून तर फसले बिचारे," दारातून आर्डिस म्हणाली. पण हसली नाही.

शेवटी राहिली झोपण्याची खोली. एल्डनने ओल मोजायचे यंत्र काढले आणि भिंतीला टेकवत तो खिडकीपर्यंत आला. खिडकीखाली काटा एकदम उजवीकडे गेला. त्याने यंत्र उचलून पुन्हा टेकवले. काटा पुन्हा तिथेच. गालिच्याची कड उचलून त्याने बोट लावले. बोट ओले झाले.

ट्रेलर सकाळीच धुतला होता. तेव्हा पाणी चौकटीतून झिरपले असणार. दोष उघड होता. घर वाचले होते.

त्याने मागे वळून पाहिले. आर्डिस दारात उभी होती. तिने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि ओठ मिटले होते. मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, डॉक्टर बाहेर येताना, तिचा चेहरा असाच झाला होता. वाळवंटांचे आणि समुद्रकिनाऱ्यांचे नकाशे तिने वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात चिकटवले होते. शेजारणींना, चर्चच्या जेवणावळींत, नातवंडांना, सगळ्यांना ती एकच सांगत आली होती : एल्डन निवृत्त झाला की आम्ही निघालो.

"काय दाखवतंय?" तिने विचारले.

डॅरल तिच्यामागून डोकावत होता. एल्डनने पायाने गालिच्याची कड जागेवर सरकवली आणि यंत्र बंद केले. चौकटीला नवा लेप लावायला त्याला एक दुपार पुरली असती. एवढ्याशा कारणावरून एखाद्या बाईचे आयुष्यभराचे स्वप्न नापास करणे हे, त्याच्या मते, मोजमापाच्या मर्यादेबाहेरचे होते.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "ट्रेलर वाईट नाही."

त्या मुलखात याहून मोठी स्तुती नाही. डॅरलने त्याचा हात धरून जोरजोरात हलवला. आर्डिसच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. एल्डनने ते पाहिले आणि हयातीत पहिल्यांदाच खोटा आकडा सांगितल्याची टोचणी जराशी कमी झाली.

"बरं," अखेर ती म्हणाली. "मी गाडीत बसते."

एल्डन सह्या करायला डॅरलच्या कचेरीत गेला. काचेतून त्याला गाडीत बसलेली आर्डिस दिसत होती. ती फोनवर होती. बहिणीला आनंदाची बातमी कळवत असेल, असा त्याने निष्कर्ष काढला आणि पेन उघडले.

गाडीत आर्डिसने काच वर केली.

"घर गेलं गं, लव्हॉन," ती बहिणीला म्हणत होती. "इतकी वर्षं गावभर ज्याचं तुणतुणं वाजवलं, ते नको झालंय असं आता कुठल्या तोंडाने सांगू त्याला? म्हणून तर तो छतावर चढल्यावर पाण्याची अख्खी बाटली ओतली मी त्या खिडकीखाली."