नेरूळच्या बाईंची कार्डं

“असं लिहितात होय मसाल्याबद्दल?” धनाजीनं कागद बाजूला सारला आणि पुन्हा चप्पल हातात घेतली. बायकोच्या, उज्वलाच्या, चपलेचा अंगठा तुटला होता. पोती शिवायच्या दाभणानं, निळ्या दोऱ्यानं तो शिवत बसला होता. साताऱ्याकडचा गडी, दोन रुपयांसाठी चांभार गाठेल तर शपथ.

दिघ्यातल्या भाड्याच्या गाळ्यात ‘धनाजी मसाले’ जोरात चालले होते. वाशीच्या एका ग्राहक भांडारानं दिवाळीसाठी हजार पाकिटं घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, पाकिटासोबत झकास माहितीपत्रक हवं आणि ते सोमवारच्या आत. तेवढं जमलं की स्वतःचा गाळा झालाच म्हणून समजा. पण लिहून देणारे दोघं येऊन गेले आणि दोघंही नापास. एकानं मिरचीला अप्सरा म्हटलं, दुसऱ्यानं तर कविताच केली.

“मी काय म्हनते,” उज्वला म्हणाली, “आमटीला किती चमचे घालायचा, तेवढं लिवलं तरी...”

“तुला काय कळतंय त्यातलं?” धनाजी हसला. प्रेमानंच हसला, पण विषय तिथंच संपला.

त्याच्या डोक्यात माणूस कधीच पक्का झाला होता. गल्ल्यामागच्या भिंतीवर पाच पोस्टकार्डं टाचलेली होती. नेरूळच्या जयमाला कर्णिक नावाच्या कुणा गिऱ्हाईकबाईंनी पाठवलेली. ‘खोबरं करपतंय, आच कमी ठेवा.’ धनाजीनं ठेवली. ‘पाव किलो एकदम कोण नेणार? शंभर ग्रॅमचं पाकीट काढा.’ काढलं, आणि खप दुप्पट झाला. तेव्हापासून बाईंचा शब्द तो देवाच्या कौलासारखा मानायचा.

“या कर्णिकबाईंनाच काम देतो,” तो म्हणाला. “मागतील तेवढे पैसे देईन. असं लिहिणारं माणूस मुंबईत मिळायचं नाही.”

डोक्यावरचा पदर सारखा करताना उज्वलाचा हात थांबला. “आधी कार्ड टाका. परक्या बाईच्या दारात असं जाऊन उभं राहनं बरं दिसतं का?”

“ते पण खरंय.”

शिवलेल्या चपला पायांत सरकवून ती नेहमीप्रमाणे मंगळवारच्या भजनाला निघून गेली.

धनाजी मात्र बोटं मोजत बसला. कार्ड जायला तीन दिवस, उत्तर यायला तीन. सोमवार काय त्याच्यासाठी थांबणार होता? त्यानं इस्त्रीचा सदरा चढवला, ताज्या मसाल्याचं एक पाकीट पिशवीत टाकलं आणि गाळ्याला कुलूप घालून बस पकडली. वाटभर तो मनात बोलणी घोकत होता. बाई नाही म्हणणार नाहीत याची त्याला खात्री होती.

कार्डावरचा पत्ता सारसोळ्याच्या बाजूला, सिडकोच्या तळमजल्यावरच्या घराचा निघाला. दार अर्धवट उघडंच होतं. धनाजीनं सदरा खाली ओढून नीट केला, बेलकडं हात नेला आणि सहज खाली पाहिलं.

उंबऱ्याबाहेर बायकी चपलांचा एक जोड होता. उजव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता.

हात तसाच राहिला. आतून उज्वलाचा आवाज येत होता, “लिही जयमाला, आमटीला एक चमचा, रश्शाला दोन. आनि पत्रक लिवून द्यायला तू तयार हायस, ते बी कळव. मी सांगितलं की हसत्यात गं. तू लिवलंस की ऐकत्यात.”